पोथीला फॉन्ट लागत नाही

(अमळनेर येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि भर उन्हाळ्यात संध्याकाळी घराबाहेर पडलेल्या धाडसी मंडळींनो,

पत्रिकेत विषय छापलाय 'डिजिटल युगातील मजकूर-जतन : साधा मजकूर की संरचित फाईल?' हे नाव मी दिलेलं नाही. मी दिलं होतं 'नोटपॅड बरं की वर्ड बरं'. कार्यवाह म्हणाले, इतक्या साध्या नावाला कोणी येणार नाही. आता अवघड नावाला किती आलेत ते दिसतंच आहे. पहिल्या दोन रांगा भरल्यात, त्यातली एक आमच्या सोयऱ्यांची आहे.

मला जे सांगायचंय ते एका वाक्यात आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवभाजीचं बोलावणं आहे त्यांना निघता येईल. आपला मजकूर, म्हणजे गावाचा इतिहास, आईची गाणी, वडिलांची डायरी, संस्थेची इतिवृत्तं, हे सगळं आधी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवा, म्हणजे नोटपॅडमध्ये असते तशी नुसत्या अक्षरांची फाईल. सजवलेलं पुस्तक, पीडीएफ, वर्ड जे काय करायचं ते त्या फाईलवरून करा. आपण बरोबर उलटं करत आलो. सजावट जपली आणि मजकूर घालवला.

मी संगणकशास्त्राचा माणूस नाही. बाजारपेठेत डीटीपीचं दुकान चालवलं, एवढीच माझी पात्रता. तरी संगणकाचं आणि अमळनेरचं नातं जुनं आहे बरं का. १९४५ साली इथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, आणि त्याचीच पुढे विप्रो झाली. तुपातून सॉफ्टवेअर काढणारं हे गाव. शेअरची गोष्ट इथं कोणाला सांगायला नको. ज्यांनी ते ठेवले ते आज पुण्या-मुंबईत आहेत, ज्यांनी विकले ते समोर बसलेत. (हशा) हसू नका, आमचे मामाही त्यातलेच.

तर डीटीपी. तरुण मंडळींसाठी सांगतो. नव्वदच्या दशकात लग्नपत्रिका, स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं, दिवाळी अंक, सगळं आमच्यासारख्यांच्या दुकानात जुळायचं. पेजमेकर नावाचं सॉफ्टवेअर होतं. त्यात पान लावायचं, लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग काढायची, आणि ती गुंडाळी काखेत मारून ऑफसेटवाल्याकडे जायचं. मराठी टाइप करायला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागे. त्याच्यासोबत काडेपेटीएवढा एक ठोकळा मिळायचा, डोंगल. तो संगणकाच्या मागे, जिथं प्रिंटरची रुंद पिन लागते तिथं लावायचा. डोंगल आहे तर मराठी आहे. डोंगल काढला की त्या संगणकाला मराठी येत नाही. आमच्या दुकानात रात्री गल्ल्यातले पैसे आणि डोंगल, दोन्ही घरी जायचे. ज्यांनी ते विकलं त्यांचं नाव घेत नाही, आणि तेव्हा दुसरं काही मिळतही नव्हतं. पण माझी तक्रार आहे, आणि आज ती तुम्हाला ऐकावी लागणार आहे.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. बोरी नदीकाठच्या एका खेड्यातले. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. या माणसाने नोकरीभर एक नाद केला. जिथं बदली होईल त्या गावच्या म्हाताऱ्या बायांकडून अहिराणी गाणी उतरवून घ्यायची. आखाजीची, कानबाईची, गुलाबाईची, जात्यावरची. शाळेच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर, शिसपेन्सिलीने. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा त्यांनी ठरवलं, पुस्तक करायचं. वह्या घेऊन दुकानात आले. आमच्याकडच्या मुलीने ते सगळं बसून टाइप केलं. गुरुजी शेजारी स्टुलावर बसून वाचून दाखवायचे, आणि ती जळगावकडची, लेवा बोलीतली, त्यामुळे दर दोन ओळींना वाद. "गुरुजी, हे असं नाही म्हणत." "तुन्हा गावले नही म्हनत व्हतीन, मन्हा गावले म्हनतस." मी मध्ये पडायचो नाही. दुकानात चहा वाढला, एवढाच परिणाम.

टाइपिंग झालं, थोडी प्रुफं निघाली, गुरुजींनी लाल पेनाने तपासली. आणि मग पैशांचं काही तरी बिनसलं, मुलाचं आजारपण निघालं, पुस्तक राहिलं. जाताना ते म्हणाले, सगळं एका फ्लॉपीत भरून द्या, बघू पुढे. दिलं. वह्यांचं काय झालं म्हणाल, तर घर बांधताना त्या माळ्यावरून कुठे गेल्या ते घरातल्या कोणालाच माहीत नाही. सुनेला विचारायची सोय नाही. (हशा)

मध्ये बरीच वर्षं गेली. गुरुजी गेले. मग त्यांचा नातू फ्लॉपी घेऊन माझ्याकडे आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर आजोबांच्या अक्षरात 'गाणी'. त्याला वाटलं फ्लॉपीच चालणार नाही. मलाही तेच वाटलं. एका जुन्या विद्यार्थ्याकडे यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह होता, तो मागवला, लावला. आणि मंडळी, फ्लॉपी चालली! सगळ्या फाईली दिसल्या. कॉपी झाल्या. एकही बाइट खराब नाही. नातू इतका खूश की त्याने तिथंच पेढे आणायला माणूस पाठवला.

पेढे आले आणि आम्ही फाईल उघडली. समोर इंग्रजी अक्षरं. इंग्रजी म्हणजे इंग्रजी भाषा नव्हे, नुसता काला. मोठं एम, छोटं ए, अर्धविराम, कंस, टक्क्याची खूण, पुन्हा मोठं के. पानामागून पान. नातू म्हणाला, व्हायरस आहे का? म्हटलं, नाही बाबा, ही तुझ्या आजोबांची गाणी आहेत. फक्त ती कोणत्या चष्म्यातून बघायची तो चष्मा आता मिळत नाही.

हे असं का झालं, ते समजून घेतलं तर पुढचं सगळं समजेल, म्हणून जरा थांबतो. संगणकाला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. १९६३ साली अमेरिकेत एक यादी ठरली, आस्की, आणि १९६७ साली तिला आजचं रूप आलं. १२८ नंबर, त्यातली ९५ छापता येणारी चिन्हं. ९७ म्हणजे छोटं ए, हे तेव्हापासून जगभर पक्कं. त्यात देवनागरी नव्हती. मग आपल्या फॉन्टवाल्यांनी काय केलं? ९७ नंबरच्या खोलीत ए चं चित्र असतं, ते काढलं आणि तिथं देवनागरीचा एक तुकडा बसवला. तुकडा म्हणतोय, अक्षर नाही. अर्धा श एका खोलीत, काना दुसऱ्या खोलीत, दोन्ही शेजारी आले की डोळ्याला पूर्ण श दिसतो. संगणकाला मात्र तिथं श नाही, दोन इंग्रजी अक्षरं आहेत. आणि कोणता तुकडा कोणत्या खोलीत हे प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठरवलं. शिवाजी फॉन्टचा हिशेब वेगळा, किरणचा वेगळा, कृतिदेवचा वेगळा. डोंगलवाल्यांचा तर एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांत वेगळा.

बरं, प्रमाण ठरलंच नव्हतं असंही नाही. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १३१९४ आलं, इस्की म्हणतात त्याला. त्यात क ला क चाच नंबर होता. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांना नंबर देणाऱ्या यादीची, पहिली आवृत्ती आली, तिच्यातही देवनागरी होती. पण पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरला ते कुठे माहीत! विंडोजला देवनागरी नीट कळायला २००० साल उजाडलं. त्यानंतरच्या एक्सपीत सुद्धा कंट्रोल पॅनेलमध्ये खोलवर जाऊन एक खूण करावी लागायची, आणि मग तो मूळ सीडी मागायचा. मूळ सीडी कोणाकडे असते हो? (हशा) म्हणून दशक-दीड दशक महाराष्ट्रभर जे टाइप झालं, अंक, स्मरणिका, प्रबंध, ते सगळं तुकड्यांच्या नंबरांत झालं. त्या काळातली मराठी दैनिकांची संकेतस्थळं आठवा. आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या, मग बातमी वाचा. फॉन्ट गेला, बातमीही गेली.

आता नातवाची फाईल. डोंगल माझ्याकडे अजून आहे, ड्रॉवरमध्ये. पण तो लावायला मागे ती रुंद पिन हवी, आणि नव्या संगणकाला ती जागाच नसते. जुना संगणक भंगारात दिलेला. मग वाचवलं कशाने? कागदाने. गुरुजींच्या पिशवीत ती लाल पेनाची प्रुफं निघाली, थोडीच, दुमडलेली. एका बाजूला कागदावरची ओळ, दुसऱ्या बाजूला पडद्यावरचा काला, आणि अक्षराला अक्षर लावत बसलो. 'आखाजी' हा शब्द सारखा यायचा, तो पहिला सापडला. त्यातून आ, ख, ज, काना आणि दीर्घ वेलांटी मिळाली. मग 'माय', मग 'सासर'. आमचा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला तक्ता पाठवला, त्याने बदल करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला.

पहिल्याच फटक्यात जे आलं ते वाचून आम्ही दोघं फोनवर हसत सुटलो. सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या एक घर आधी! कारण आपण कागदावर वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढतो. जुन्या फॉन्टात ती तशीच, डोळ्याला दिसते त्या क्रमाने, आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. आधी व्यंजन, मग वेलांटी. रफाराचं उलटं. 'वर्स' म्हणताना र् आधी येतो आणि स नंतर, पण कागदावर रफार स च्या डोक्यावर बसतो, म्हणून जुन्या फॉन्टात तो स च्या नंतर टाइप केलेला. प्रोग्रॅमला प्रत्येक वेलांटी उचलून पुढे आणि प्रत्येक रफार उचलून मागे न्यायला शिकवावं लागलं. जोडाक्षराच्या आधी वेलांटी आली की ती दोन घरं न्यायची की एक, यावर भाच्याचा एक रविवार गेला. भाचेसून अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आणि एवढं करून मजकूर वर्डमध्ये टाकला, तर त्याने शब्दांखाली तांबड्या रेघा ओढायला सुरुवात केली. अहिराणीत आपण ळ च्या जागी य म्हणतो. डोळा नाही, डोया. काळा नाही, काया. तर डोयाखाली रेघ, आणि सुचवतोय काय, 'डोळा'. 'शे' खाली रेघ. म्हणजे ज्या बाईने आयुष्यात शाळा पाहिली नाही, तिच्या ओवीचं शुद्धलेखन हे यंत्र तपासणार! तो तपास बंद करता येतो, मला माहीत आहे. पण नातवाने पहिल्या तीन पानांवर उजवं बटण दाबून 'डोळे' करूनही टाकले होते. त्याचा काय दोष, त्याला वाटलं आजोबांचं टाइपिंग चुकलं. नोटपॅड बिचारं असलं काही करत नाही. दिलं ते ठेवतं. त्याला मत नाही. गाणी ठेवायला मला असा गडी बरा वाटतो.

बहुतेक गाणी आली. पण एक गोष्ट आली नाही, आणि ती माझ्या आजच्या विषयाच्या विरुद्ध जाते म्हणून मुद्दाम सांगतो. प्रत्येक गाण्यात कोणती ओळ सगळ्या बायांनी मिळून म्हणायची आणि कोणती एकीने, हे गुरुजींनी ठळक टाइप वापरून दाखवलं होतं. वेगळी खूण नाही, नुसता ठळकपणा. फाईलमधून साधा मजकूर उपसला तेव्हा ठळकपणा तिथंच राहिला. आता ज्या पानांचं प्रूफ नाही, त्या गाण्यांत कोण काय म्हणायचं हे सांगायला कोणी नाही. तेव्हा साधा मजकूर म्हणजे अमृत, असं मी म्हणत नाही. त्याला ठळक कळत नाही, तिरकं कळत नाही, रंग कळत नाही.

पण याचं उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिर आहे, शंकर श्रीकृष्ण देवांनी महाराष्ट्रभर हिंडून रामदासी बाडं तिथं जमवली. तिथलं किंवा कुठल्याही जुन्या संग्रहातलं पोथीचं पान डोळ्यांसमोर आणा. त्यात ठळक टाइप नाही. परिच्छेद नाही. बऱ्याचदा शब्दांमध्ये जागासुद्धा नाही. तरी कुठे सुरुवात, कुठे शेवट, कितवी ओवी, कोणता अध्याय, कशातही गोंधळ होत नाही. सुरुवातीला श्रीगणेशाय नमः, म्हणजे इथून ग्रंथ सुरू. दोन दंड, ओवीचा आकडा, दोन दंड. ध्रुवपदाला धृ. अध्याय संपला की 'इति' म्हणून ग्रंथाचं नाव, अध्यायाचं नाव, आकडा. सगळी रचना अक्षरांतच लिहिलेली. लेखक बदलला, लेखणी बदलली, कागद बदलला, तरी नक्कल करणाऱ्याने अक्षरं उतरवली की रचना आपोआप उतरते. गुरुजींनी ठळक करण्याऐवजी ओळीपुढे 'धृ.' लिहिलं असतं, तर डोंगल जळून गेला असता तरी चाललं असतं.

याहून भारी गोष्ट सांगू? पुष्कळ पोथ्यांत अध्यायाच्या शेवटी एकूण ओव्यांची संख्या दिलेली असते. ती कशाला? नक्कल करणाऱ्याची एखादी ओवी सुटली तर पुढच्या वाचणाऱ्याला मोजून कळावं. आज संगणकवाले फाईल पोचल्यावर ती पूर्ण आली का हे बघायला बाइटांची बेरीज तपासतात, चेकसम म्हणतात, आणि त्याचा केवढा डौल! आपल्या बैराग्यांनी तो बोरूने लिहून ठेवलाय.

धुळ्याचंच आणखी एक. इतिहासाचार्य राजवाडे तिथं १९२६ साली वारले, पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघालं, त्यांची दप्तरं तिथं आहेत. राजवाड्यांनी आयुष्यभर केलं काय? मोडी कागद जमवले, वाचले आणि बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, उतरवून छापले. भाच्याने जो प्रोग्रॅम लिहिला तेच काम, पायी हिंडून. मोडीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. छापखान्याला बाळबोध सोपी पडली, १९५० च्या आसपास शाळेतून मोडी गेली. कागद उत्तम आहेत, शाई उत्तम आहे, घरोघरी पेट्यांत खरेदीखतं पडलीत, आणि वाचणारा तालुक्यात शोधावा लागतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी असा भाव आला की विचारू नका. वाचता न येणारी गोष्ट किती महत्त्वाची होती, हे आपल्याला गरज पडल्यावरच कळतं.

याच्या उलट चाळीसगावजवळ पाटणला जा. पाटणादेवीचा परिसर, पावसाळ्यात जा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख आहे, शके ११२८ चा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी तो उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, मठाला कोणी काय द्यायचं ते. आठशे वर्षं झाली. लोक म्हणतात दगड टिकला म्हणून वाचता येतो. अहो, दगड तर सिंधू संस्कृतीच्या मुद्रांचाही टिकलाय, वाचून दाखवा की! अक्षर सगळ्यांना ठाऊक असलेलं राहिलं, म्हणून वाचता येतो.

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवली आहे. '१० मि.' आणि खाली रेघ. दोनदा. म्हणजे पत्रिकेत छापलेला विषय आता सुरू करायला हरकत नाही. (हशा)

भराभर घेतो. वर्डची फाईल म्हणजे काय असते? घरी जाऊन करून बघा. कोणत्याही नव्या वर्ड फाईलची एक प्रत काढा, तिच्या नावाच्या शेवटी डॉक्स असतं ते पुसून झिप लिहा, आणि उघडा. ती फाईल नाहीच, गाठोडं आहे. आत फोल्डरं, त्यातल्या 'वर्ड' नावाच्या फोल्डरात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाईल, आणि तिच्यात कोनी कंसांच्या जंगलात तुमचा मजकूर. युनिकोडमध्ये, वाचता येईल असा. हे २००७ च्या ऑफिसपासून. त्याआधीची डॉक फाईल म्हणजे बंद कुपी होती. तिची रचना मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जाहीर केली. आता डॉक्सचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, २००८ चं. लिब्रेऑफिस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरच्या ओडीएफ फाईलचं त्याआधीच, २००६ चं. म्हणजे परिस्थिती सुधारली आहे, हे मान्य. रचना जाहीर असेल तर फाईल मेली तरी वैद्य मिळतो.

तरी साध्या मजकुराची बरोबरी नाही. का ते सांगतो. एकच गाणं मी दोन प्रकारे साठवलं, साधं आणि डॉक्स, आणि दोन्हीत मधला एक बाइट मुद्दाम बिघडवला. साध्या फाईलमध्ये एका अक्षराच्या जागी चौकोन आला, बाकी गाणं जसंच्या तसं. डॉक्सने सांगितलं, फाईल खराब आहे, उघडत नाही. गाठोडं दाबून बांधलेलं असतं ना, एका ठिकाणी धागा तुटला की पुढचं सुटत जात नाही. पोथीला कसर लागते, भोक पडतं, आपण भोकाच्या आजूबाजूचं वाचून घेतो. साधा मजकूर तसा आहे. युनिकोडचे नंबर बाइटांत साठवायची जी पद्धत आहे, यूटीएफ-८, तिची रचनाच अशी आहे की एक अक्षर मोडलं तरी पुढचं अक्षर कुठून सुरू होतं ते कळतं. देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात, लोक म्हणतात जागा फार खातं. खाऊ द्या. १.४४ एमबीच्या त्या फ्लॉपीतही जवळपास ४ लाख ९० हजार चिन्हं मावली असती. गुरुजींची गाणी दोनदा बसली असती.

आणि युनिकोडवर भरवसा का ठेवायचा? त्यांचा एक नियम आहे. एकदा दिलेला नंबर परत घेत नाहीत, बदलत नाहीत. क म्हणजे ०९१५, तो ०९१५ च राहणार. फॉन्ट कोणताही लावा. डोंगलवाल्यांनी हे वचन कधी दिलं नव्हतं, मीही मागितलं नव्हतं, कारण असं काही मागायचं असतं हे बाजारात कोणालाच ठाऊक नव्हतं.

पीडीएफ. लोक म्हणतात, पीडीएफ करून टाकली, आता काळजी मिटली. पान कसं दिसत होतं ते जपायला पीडीएफ उत्तम. दीर्घकाळ ठेवायला पीडीएफ-ए नावाचा खास प्रकार आहे, २००५ पासून, त्यात फॉन्ट फाईलच्या पोटातच ठेवावा लागतो. पण जुन्या फॉन्टातल्या पानाची पीडीएफ केली तर दिसतं सुंदर, आणि एक शब्द शोधायला गेलात की सापडत नाही, कॉपी केलात की तोच काला. ते मजकुराचं छायाचित्र आहे असं समजा.

तक्ते असतील, सभासदांची यादी, वर्गणी, तर स्वल्पविरामांची साधी फाईल, सीएसव्ही. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं लिहा. तारखा एकाच पद्धतीने. वंशावळ असेल तर मात्र साधा मजकूर अडखळतो. कोण कोणाचा मुलगा हे ओळीवर लिहिता येतं, पण झाड दिसत नाही. तिथं रचना असलेली फाईलही ठेवा, आणि सोबत 'अमुक हा तमुकचा मुलगा' अशी साध्या ओळींची फाईलही ठेवा. नकाशाबद्दल आज बोलत नाही.

चिठ्ठी आली. '५'. आता रेघ नाही, उद्गारचिन्ह आहे.

सावधगिरीच्या गोष्टी. नोटपॅडमध्ये साठवताना खाली एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या नंबरांत साठवायची, असा रकाना दिसतो. तिथं यूटीएफ-८ च हवं. जुन्या विंडोजमध्ये तिथं आपोआप एएनएसआय ही जुनी पद्धत असायची. त्यात मराठी साठवलं की सगळी प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत मराठी होत नाहीत. फॉन्टाच्या काल्यातून मजकूर काढता येतो, प्रश्नचिन्हांतून ब्रह्मदेवालाही नाही. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये यूटीएफ-८ आपोआप येतं. दुसरं, युनिकोडमध्येही 'दऱ्या' मधला ऱ्य दोन-तीन प्रकारांनी टाइप होतो. दिसतो सारखाच, पण शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. 'ॲ' तर २००८ साली आला, त्याआधी लोक अ वर चंद्र कसाबसा बसवायचे. एकच पद्धत धरा आणि तीच ठेवा. अहिराणीवाल्यांनी तर विशेष. कोणता उच्चार कसा लिहिला, ते आधी ठरवा.

आणि ते कुठे लिहायचं? प्रत्येक फोल्डरात एक छोटी फाईल, नाव 'आधी हे वाचा'. हे कोणी जमवलं, कोणत्या गावात, कोणाकडून, कधी, खुणांचा अर्थ काय, 'धृ.' म्हणजे काय, एकूण गाणी किती. हो, एकूण किती ते लिहाच. मोजून कमी भरली तर निदान कळेल तरी काय हरवलं.

शेवटी, छापूनही ठेवा. मी संध्याकाळभर फाईलचं बोललो आणि आमची गाणी वाचवली लाल पेनाच्या प्रुफांनी, हे मला माहीत आहे. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. एक घर सुनेचं नसावं. (हशा)

कार्यवाह उभे राहिले. प्रश्न खाली चहाच्या वेळी विचारा. कोणाकडे जुन्या स्मरणिकेच्या, अंकाच्या फाईली असतील तर घेऊन या, सोबत छापलेलं एक तरी पान पाहिजे, त्याशिवाय तक्ता जुळत नाही. पेन ड्राइव्ह मात्र आज खिशातून काढू नका. मागच्या वेळी इथूनच घेतलेल्या एकामुळे दुकानातले दोन संगणक फॉरमॅट करावे लागले. मेलवर पाठवा. नमस्कार.